मुशीच्या घरी पाहुणे

सदर : शाळेबाहेरची शाळा



आपल्या एका वाचक मैत्रिणीनं पत्रात दोनच प्रश्न विचारले आहेत. 'गुरुजी, शार्क खरंच माणसं खातो का? आणि तो आपल्या महाराष्ट्रात आहे का?'

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. हो, आहे. एवढंच नाही, तर त्याला आपल्या मराठीत स्वतःचं नावही आहे. शार्क म्हणजे मुशी. कोकणात मालवणकडे तिला मोरी म्हणतात. म्हणजे ज्याच्या नावानं आपण सिनेमात खुर्चीचे हात घट्ट धरून बसतो, ती आपली मुशीबाई! आता पहिला प्रश्न. त्याचं उत्तर थोडं लांबलचक आहे. त्यासाठी तुम्हांला माझ्याबरोबर समुद्राच्या तळाशी यावं लागेल. तयार?

तुम्ही म्हणाल, 'गुरुजी, तुम्ही खामगावचे. तिथं कुठला आला समुद्र?' खरं आहे. आमच्या खामगावात कापूस आहे, चांदीची पेढी आहे, पोहायला शिकायचं तर विहीर आहे. समुद्र मात्र रेल्वेनं पाचशे किलोमीटरच्या पुढं. पण खारं पाणी आम्हांला नवीन नाही हं! आमच्याच बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं खारं सरोवर आहे. शेगाव, संग्रामपूरकडे खारपाणपट्टा आहे, तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. समुद्राच्या एका लीटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. घरी एक लीटर पाण्यात सात लहान चमचे मीठ घालून जिभेवर थेंबभर ठेवून बघा, म्हणजे अंदाज येईल. गिळू नका मात्र!

प्रवाळ : झाड की दगड की प्राणी?

मुशीच्या घरी जायचं, तर आधी तिचं घर कसलं असतं ते बघू. समुद्रात उथळ, उबदार, स्वच्छ पाण्यात प्रवाळाच्या वसाहती असतात. प्रवाळ म्हणजे पोवळं. आजीच्या माळेत किंवा कुणाच्या अंगठीत लाल पोवळं तुम्ही पाहिलं असेल, त्याचेच हे भाऊबंद.

वर्गात मी हा प्रश्न नेहमी विचारतो, 'प्रवाळ म्हणजे वनस्पती, दगड की प्राणी?' निम्मी मुलं वनस्पती म्हणतात, निम्मी दगड. आणि उत्तर असतं, प्राणी! तेही एक नाही, हजारो. प्रत्येक प्राणी अगदी चिमुकला, काही जातींत ज्वारीच्या दाण्याएवढा. मऊ पिशवीसारखं शरीर, वर एक तोंड आणि तोंडाभोवती बोटांसारखे तंतू. तो समुद्राच्या पाण्यातला चुना घेतो आणि स्वतःभोवती घर बांधतो. शेजारी दुसरा, त्याच्या शेजारी तिसरा. जुने मरतात, त्यांच्या घरांवर नवे घरं बांधतात. असं शेकडो, हजारो वर्षं चालतं आणि त्यातून तयार होतो प्रवाळाचा खडक.

पण या कारागिराला जेवायला कोण घालतं? त्याच्या शरीराच्या आत सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं आणि घरमालकाला देतं. घरमालक त्याला राहायला जागा देतो. प्रवाळाला रंगही बहुतेक या भाडेकरूमुळेच येतो. आता ही दोस्ती केव्हा तुटते? पाणी तापलं की. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या तापमानापेक्षा फक्त एक अंश सेल्सियसनं पाणी जास्त गरम झालं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर प्रवाळ या शैवालाला शरीराबाहेर टाकतो. रंग जातो, प्रवाळ पांढराफटक पडतो. पाणी लवकर थंड झालं तर तो सावरतो. नाही झालं तर उपाशी मरतो.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर गेला की आपण म्हणतो, 'काल ४३ होता, आज ४४. त्यात काय एवढं!' प्रवाळाला मात्र तो एक अंश जिवावरचा असतो. लक्षद्वीपच्या बेटांवर १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. मालवणच्या प्रवाळांवरही गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी हा पांढरेपणा नोंदवलेला आहे.

जगातल्या समुद्राच्या एक टक्क्याहूनही कमी भागात प्रवाळ आहेत, पण समुद्रातल्या जीवांच्या सुमारे पाव जाती आयुष्यात केव्हा ना केव्हा त्यांच्या आश्रयाला येतात. म्हणजे शंभर घरांच्या गावात एकच धर्मशाळा आणि पाव गाव तिथंच मुक्कामाला!

पाठीवर हवेची शिदोरी

पाण्याखाली जायचं म्हणजे सोबत हवा न्यायला हवी. काही मुलं विहिरीत लांब नळी तोंडात धरून बुडी मारायला बघतात. दोस्तांनो, हे कधीही करू नका. एक मीटर खोल गेलं तरी पाणी छातीला चहूबाजूंनी इतकं दाबतं की वरची हवा नळीतून आत ओढायला छाती फुगतच नाही. नळी कितीही लांब घ्या, उपयोग नाही. जीव मात्र जाऊ शकतो.

हे कोडं १९४३ साली फ्रान्समध्ये सुटलं. झाक कूस्तो हे नौदलातले अधिकारी आणि एमिल गान्याँ हे अभियंते. दोघांनी मिळून अशी एक झडप तयार केली, की पाणबुड्यानं श्वास ओढला की तेवढ्यापुरतीच ती उघडते आणि जेवढा बाहेरच्या पाण्याचा दाब, बरोबर तेवढ्याच दाबाची हवा देते. छाती दबत नाही, श्वास सहज होतो. पाठीवर हवेची टाकी, तोंडात ही झडप, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, पायात बदकासारखे पंजे. याला म्हणतात स्कूबा.

टाकीत काय असतं? 'ऑक्सिजन!' असं सगळे एका सुरात ओरडतात. चूक! साधी हवाच असते, तुमच्या-माझ्या नाकात जाते तीच, फक्त खूप दाबून भरलेली. मोटारीच्या चाकात जेवढ्या दाबानं हवा भरतात, त्याच्या जवळजवळ शंभर पट दाबानं. नुसता शुद्ध ऑक्सिजन खोल पाण्यात विषारी ठरतो.

आता एक गणित करू. वही-पेन घ्या.

टाकी १२ लीटरची. हवा भरली २०० पट दाबून. म्हणजे हवा झाली १२ × २०० = २४०० लीटर. माणसाला मिनिटाला साधारण २० लीटर हवा लागते असं धरू. मग जमिनीवर ही टाकी १२० मिनिटं पुरेल. बरोबर?

पण पाण्यात दर १० मीटर खोलीला दाब एकेका वातावरणानं वाढतो. १० मीटरवर दाब दुप्पट, म्हणून प्रत्येक श्वासात हवाही दुप्पट लागते. टाकी पुरेल ६० मिनिटं. २० मीटरवर दाब तिप्पट, टाकी पुरेल ४० मिनिटं. त्यातली काही हवा नेहमी शिल्लक ठेवून वर यायचं असतं, म्हणजे हाताशी राहिला जेमतेम अर्धा तास. हा अर्धा तास लक्षात ठेवा, तो पुढं कामाला येणार आहे.

तळाशी

एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन शिक्षक मालवणला गेलो होतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग किल्ला तिथंच, बंदरासमोरच्या कुरटे बेटावर आहे. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि तिथंच पर्यटकांना पाण्याखाली नेतात. शेजारच्या तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्थाही आहे. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं.

होडीत बसल्यावर आमच्या प्रशिक्षक दादांनी मुखवटा चढवायच्या आधी नियम सांगितले. त्यांतला पहिला असा : "गुरुजी, श्वास घेत ऱ्हवायचा. रोखायचा नाय."

मी विहिरीत पोहायला शिकलेला माणूस. पाण्यात डोकं घातलं की श्वास रोखायचा, हे अंगात मुरलेलं. इथं उलटंच! पण त्यामागं कारण आहे. १० मीटर खोल फुप्फुसं भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. श्वास रोखून वर आलात तर ती जाणार कुठं? फुप्फुसाला इजा होते. म्हणून श्वास चालूच ठेवायचा आणि सावकाश वर यायचं, आपल्याच तोंडातून निघालेल्या लहान बुडबुड्यांपेक्षाही हळू.

दुसरं कारण सोडावॉटरच्या बाटलीत आहे. झाकण झटकन उघडलं की फस्सकन बुडबुडे येतात ना? खोल पाण्यात हवेतला नायट्रोजन आपल्या रक्तात विरघळतो. माणूस घाईनं वर आला तर त्याचे रक्तात असेच बुडबुडे होतात. सांधे दुखतात, हातपाय लुळे पडू शकतात. झाकण हळू उघडलं तर सोडा फसफसत नाही, तसंच हे.

तिसरा नियम बोटांचा. पाण्यात बोलता येत नाही, खुणा करायच्या. आपण 'मस्त' म्हणायला अंगठा वर करतो. पाणबुड्यांच्या भाषेत वर केलेला अंगठा म्हणजे 'मला वर जायचंय'! सगळं ठीक असेल तर अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल करायचा. आमच्यातल्या एका सरांनी उत्साहानं अंगठा दाखवला आणि दादा त्यांना लगेच वर घेऊन गेले. बिचारे दोन मिनिटांत होडीत!

पाण्यात उतरल्यावर पहिल्यांदा कान दुखले. दोन-तीन मीटरवरच आत काहीतरी दाबल्यासारखं होतं. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की कानात 'पुक्' होतं आणि दुखणं थांबतं. दर थोड्या अंतरावर हे करत जायचं. दादांनी मागून टाकी धरलेली होती, सोडली नाही.

तळ सहा-सात मीटरवर होता, म्हणजे दुमजली घराएवढा. तिथं सगळं हिरवट, थोडं धुरकट. मालवणचं पाणी सिनेमात दिसतं तसं आरशासारखं नसतं. लाल रंग तर जवळजवळ नाहीसाच झाला होता, कारण पाणी सगळ्यांत आधी लाल रंग शोषून घेतं. माझा लाल दोरा तपकिरी दिसत होता. सगळ्या वस्तू होत्या त्यापेक्षा मोठ्या आणि जवळ वाटत होत्या. एक मासा धरायला हात पुढं केला, तर तो चांगला हातभर लांब निघाला. (दादांनी लगेच बोट हलवलं. हात लावायचा नाही!)

खडकावर कोबीच्या पानांसारखा पसरलेला प्रवाळ होता. त्यावर पिवळ्या अंगाचे, काळ्या उभ्या पट्ट्यांचे मासे घोळक्यानं फिरत होते. त्यांना 'सार्जंट मेजर' म्हणतात, फौजी बाहीवरच्या पट्ट्यांसारखे पट्टे म्हणून. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडक खरवडत होता. कुर्र कुर्र असा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. हा मासा शैवालासाठी खडक कुरतडतो, त्याचा भुगा करतो आणि मागून पांढरी वाळू सोडतो. प्रवाळाच्या बेटांवरच्या सुंदर पांढऱ्या वाळूत या महाशयांचा मोठा वाटा असतो. आता वाळूत किल्ले बांधताना आठवण ठेवा!

आणि मुशी? नाही दिसली. खरंच सांगतो, मालवणच्या किनाऱ्याजवळ पर्यटकाला मुशी दिसणं दुर्मीळ. मी माझी पहिली मुशी पाहिली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, मासळी बाजारात. मालवणच्या एका मावशींच्या टोपलीत.

हातभर लांब, करड्या रंगाच्या, डोळे उघडेच. मी विचारलं, "मावशी, हा कुठला मासा?" त्या म्हणाल्या, "मोरी. बाळंतिणीक चांगली." मी अंगावरून बोट फिरवलं. डोक्याकडून शेपटीकडे गुळगुळीत, उलट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत. पुस्तकात वाचलेलं बोटाला कळलं : मुशीच्या कातडीवर बारीक बारीक दातांसारखे खवले असतात.

मुशीची ओळखपरेड

आता ऐका या बाईंची हकिगत.

मुशीच्या शरीरात एकही हाड नाही. सगळा सांगाडा कूर्चेचा. तुमच्या कानाची पाळी चिमटीत धरून वाकवा, त्याच्या वरचा भाग असतो ना, तो कूर्चेचाच. म्हणून ती हलकी आणि लवचीक. दात मात्र भरपूर. ओळीमागं ओळ. एक पडला की मागचा पुढं येतो, आयुष्यभर. दंतवैद्याची गरज नाही! वाळूत लपलेल्या माशाच्या स्नायूंतली अगदी क्षीण वीजसुद्धा तिला नाकाडाजवळच्या छिद्रांतून कळते. आणि वंश किती जुना? चाळीस कोटी वर्षांहून जुना. डायनोसॉर आले, गेले, मुशी आहेच.

जगात मुशीच्या पाचशेहून जास्त जाती आहेत. काही वीतभर लांबीच्या. काही अंडी घालतात, काही पिल्लांना जन्म देतात. सगळ्यांत मोठी व्हेल शार्क. ती बारा मीटर, कधी त्याहूनही लांब वाढते, म्हणजे एसटीच्या बसपेक्षा मोठी. जगातला सगळ्यांत मोठा मासा! आणि खाते काय? पाण्यात तरंगणारे बारीक जीव आणि लहान मासळी. तोंड उघडून पोहते आणि पाणी गाळून घेते. ती आपल्या अरबी समुद्रातही येते.

मग माणसं खाणारी कोण? माणसावरचे बहुतेक जीवघेणे हल्ले मोजक्याच दोन-चार जातींनी केले आहेत. साऱ्या जगात मिळून वर्षाला साठ-सत्तर माणसांना, त्यांनी काहीही खोडी काढली नसताना, शार्क चावतो आणि सरासरी सहा-सात माणसं दगावतात. वाईटच, पण तुलना करा. आपल्या भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपल्या कपाशीच्या वावरात अनवाणी जाणं हे मुशीच्या समुद्रात पोहण्यापेक्षा कितीतरी धोक्याचं. (म्हणून बाबांना आणि आईला सांगा, वावरात बूट घाला!)

आता उलटा हिशेब. माणूस दर वर्षी किती मुशी मारतो? शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, सुमारे दहा कोटी. पुन्हा वाचा : दहा कोटी. १९७० पासूनच्या पन्नास वर्षांत खुल्या समुद्रातल्या मुशी आणि वाघळ्या ७१ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे शंभर होत्या तिथं एकोणतीस उरल्या. पत्रातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे. कोण कुणाला खातं, तुम्हीच ठरवा.

मग काय झालं?

'मुशी कमी झाल्या तर बरंच की!' असं कुणाला वाटेल. आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घेतो. डिसेंबर २०१९ मध्ये एक वाघ आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ पट्टा. वाटेत तेलंगणातही जाऊन आलेला. पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चालून तो इथं पोचला. तेव्हा आपण घाबरलो, पण हरखलोही. का? वाघ आला म्हणजे तिथं हरीण आहे, रानडुक्कर आहे, गवत आहे, पाणी आहे. जंगल जिवंत आहे.

मुशी म्हणजे समुद्रातली तशीच वाघीण. ती आजारी, थकलेले मासे आधी उचलते. मधल्या आकाराच्या शिकारी माशांवर वचक ठेवते. वचक गेला तर साखळीतली खालची कडी विस्कटते. शिवाय मुशी उंदरांसारखी भराभर वाढत नाही. मोठ्या जातींची मुशी दहा-पंधरा वर्षांनी आई होते आणि पिल्लं मोजकीच. एकदा संपल्या तर भरून यायला पिढ्या जातात. मालवणच्या बंदरावर अभ्यासकांनी पाहणी केली, तेव्हा जाळ्यात सापडलेल्या मुशींमध्ये हातोडी मुशीची पिल्लंही होती. ही जात आज जगातून नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. पिल्लंच टोपलीत आली, तर आई होणार कोण?

पण मावशींना दोष देऊ नका. कोळी दादा काही मुशी धरायला जात नाही. तो जाळं टाकतो ते सुरमई-बांगड्यासाठी, त्यात मुशीही येते. १३ एप्रिल १९८७ ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. तेव्हापासून तिथल्या मच्छीमारांना धास्ती आहे की मासेमारी बंद झाली तर खायचं काय? हा प्रश्न खरा आहे. तुमच्या वावराला कुणी कुंपण घातलं तर तुम्हांलाही तोच पडेल.

मग वाट काय? एक वाट सापडली आहे. व्हेल शार्कला २००१ सालापासून आपल्या देशात वाघासारखंच कायद्याचं संरक्षण आहे. पण ती जाळ्यात अडकली तर सोडायला जाळं कापावं लागतं आणि जाळं हजारो रुपयांचं. म्हणून डिसेंबर २०१८ पासून आपल्या राज्य सरकारनं योजना केली : मच्छीमारानं जाळं कापून व्हेल शार्क, कासव असा संरक्षित जीव सोडला आणि त्याचा फोटो पाठवला, तर जाळ्याची भरपाई, २५ हजार रुपयांपर्यंत. त्यानंतर अनेक कोळी बांधवांनी आपणहून कासवं आणि व्हेल शार्क सोडले. मला ही गोष्ट फार आवडते. कारण यात मासाही वाचला आणि माणूसही.

आंग्र्यांचा बुडालेला डोंगर

आता त्या अर्ध्या तासाकडे येऊ. विसरला नाहीत ना?

विजयदुर्गपासून पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटर, भर अरबी समुद्रात, एक बुडालेलं पठार आहे. नाव आंग्रिया बँक. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून पडलेलं! बँक म्हणजे पैशांची नव्हे हं, समुद्रातला उंचवटा. लांबी साधारण ४० किलोमीटर, रुंदी १५. भोवती समुद्र शेकडो मीटर खोल, पण या पठाराचा माथा पाण्याखाली जेमतेम वीस-बावीस मीटरवर. किनाऱ्यापासून इतकं दूर की नद्यांचा गाळ तिथं पोचत नाही. पाणी स्वच्छ, ऊन खोलवर उतरतं आणि प्रवाळ वाढतात. सोबत रंगीत मासे, वाघळ्या, डॉल्फिन आणि आपल्या मुशीबाई.

तिथं जायचं तर रात्रभर जहाजानं प्रवास. उतरायचं वीस मीटरच्या पुढं. म्हणजे आपल्या गणितानं, एका टाकीत जेमतेम अर्धा तास! त्यात प्रवाळ मोजायचे, फोटो काढायचे, नमुने बघायचे आणि सावकाश वर यायचं. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांची एक मोहीम असं करून आली. गंमत पाहा, ज्या महिन्यात तो वाघ आमच्या ज्ञानगंगेत पोचला, त्याच महिन्यात ही माणसं मुशीच्या घरी पोचली होती.

ज्ञानगंगेला अभयारण्याचा दर्जा आहे. आंग्रिया मात्र किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरच्या पुढं आहे. तिथं राज्याची सत्ता चालत नाही, निर्णय केंद्र सरकारनं घ्यायचा असतो. त्या पठाराला संरक्षण मिळावं, असं अभ्यासक सांगत आले आहेत. आपल्या महाराष्ट्राच्या समोर, आपल्याच सरखेलाच्या नावाचा हा खजिना आहे, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं? आता तुम्हांला आहे. चार जणांना सांगा.

तुम्ही काय करायचं?

पहिलं, पोहायला शिका. विहिरीत असो, तलावात असो, पण मोठ्या माणसाच्या देखरेखीत आणि पाठीला डबा किंवा भोपळा बांधून. दर उन्हाळ्यात पोहता न येणारी मुलं पाण्यात जातात आणि घरी परतत नाहीत, हे वाचून जीव तुटतो. मुलींनो, तुम्हीही शिका. 'मुलींना काय करायचंय' असं कुणी म्हणालं तर हे पान दाखवा. वयाची दहा वर्षं पूर्ण झालेल्यांना स्कूबाचं लहान मुलांचं प्रशिक्षण घेता येतं. खामगावचं पोर आंग्रियावर जाऊ शकणार नाही, असं कुठं लिहिलंय?

दुसरं, कोकणात सहलीला गेलात तर प्रवाळाचा तुकडा आणू नका, विकत घेऊ नका. तो कायद्यानं गुन्हा आहे. पाण्यात उतरलात तर हात लावू नका, माशांना पाव-बिस्किटं घालू नका.

तिसरं, प्लॅस्टिकची पिशवी नाल्यात टाकू नका. आमच्या खामगावचा नाला नदीला, ती पूर्णेला, पूर्णा तापीला आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. म्हणजे बघा, समुद्र आपल्या दाराशी नाही, पण आपलं दार समुद्राकडेच उघडतं.

करून पाहा : बाटलीतला पाणबुड्या

साहित्य : प्लॅस्टिकची मोठी रिकामी बाटली, बॉलपेनचं बिनभोकाचं टोपण, थोडी भिजवलेली कणीक किंवा माती.

बाटली काठोकाठ पाण्यानं भरा. टोपणाच्या दांडीला कणकेची गोळी लावा, इतकी की टोपण तोंड खाली करून पाण्यात जेमतेम तरंगेल. आत हवेचा बुडबुडा राहायला हवा. बाटलीचं झाकण घट्ट लावा. आता बाटली दोन्ही हातांनी दाबा. टोपण बुडेल. सोडा, वर येईल! का? बाटली दाबली की टोपणातला बुडबुडा आक्रसतो, त्यात पाणी शिरतं, टोपण जड होतं. खोल पाण्यात आपल्या फुप्फुसातल्या हवेचं काय होत असेल, ते डोळ्यांनी दिसेल.

ओळखा पाहू

१. एक टाकी १० लीटरची. हवा २०० पट दाबून भरली. मिनिटाला २० लीटर हवा लागते. ३० मीटर खोलीवर ती किती मिनिटं पुरेल?
२. मी माझं घर चुन्यानं बांधतो, भाडेकरू मला जेवायला घालतो. मी कोण?
३. पाण्याखाली अंगठा वर करणाऱ्याला काय सांगायचं असतं?

उत्तरं पत्रानं कळवा. पहिल्या प्रश्नाची रीत सगळी लिहा, नुसतं उत्तर चालणार नाही. मास्तर आहे मी!

आणि कुणाला विहिरीत, तलावात, नदीत एखादा वेगळा मासा दिसला असेल, तर त्याचं चित्र काढून पाठवा. आपल्या बुलढाण्यातल्या पाण्याखाली कोण कोण राहतं, ते पुढच्या वेळी बघू.

तुमचे,
गुरुजी, खामगाव